जुनं ‘डॉक्टरचं घड्याळ’ घेताना



सोयाबीनची सोंगणी उरकली, आता जरा टेकायला फुरसत मिळाली असेल. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही ताई दर वेळी खातेवही, कर्जफेड, ग्रामसंघ यावर बोलते, आज घड्याळावर कुठून आली? तर त्याला कारण घडलं. आणि त्यात माझीच चूक झाली, म्हणून ते सांगायचं कामही माझंच.

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीला यंदा जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षणाला, प्रवेश मिळाला. त्या घरातली पहिलीच मुलगी दहावीच्या पुढे गेली. गटातल्या बारा जणींनी ठरवलं की पोरीला काहीतरी द्यायचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, वेगळी वर्गणी करायची, प्रत्येकी दोनशे रुपये. साडी नको, ती आता गणवेश घालणार. डबा नको, तो आईने घेतला. मग कोणीतरी म्हणालं, “नर्सले घड्याळ लागते.” सगळ्यांना पटलं.

एकीच्या मुलाने फोनवर फोटो दाखवला. जुनं घड्याळ, पांढरी तबकडी, लाल सेकंद काटा, वर लाल क्रॉस, आणि खाली लिहिलेलं, ‘डॉक्टर वॉच, विंटेज’. किंमत बावीसशे. मीच म्हणाले, “मागवा, छान आहे. जुन्या वस्तू मजबूत असतात.” बी. ए. झालेली बाई म्हणतेय म्हटल्यावर कोणी पुढे विचारलं नाही.

घड्याळ आलं. दिसायला सुंदरच होतं. आम्ही ते माझ्या आत्याला दाखवायला नेलं. आत्या आरोग्य उपकेंद्रात एएनएम होती, आता निवृत्त आहे. तिने चष्मा लावला, घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, उभं धरलं, मग माझ्या फोनवर स्टॉपवॉच लावायला सांगितलं. काटा बारावरून निघाला आणि फिरून परत बारावर आला. फोनवर साठ सेकंद व्हायला हवे होते. झाले सहासष्ट. पुन्हा लावलं, त्रेसष्ट. टेबलावर आडवं ठेवलं, तर बरोबर साठ.

आत्या म्हणाली, “हे घालून पोरगी लेकराचे श्वास मोजणार आहे का?”

तिच्या या एका वाक्यात आजचा सगळा विषय आहे. आता सविस्तर सांगते.

डॉक्टरला वेगळं घड्याळ कशाला लागतं, आधी ते पाहू. वेळ तर सगळ्यांनाच कळावी लागते. पण डॉक्टर-नर्सला लागतं ते मिनिट. नाडी मिनिटाला किती, श्वास मिनिटाला किती, सलाईनचे थेंब मिनिटाला किती. फार जुन्या घड्याळांना सेकंद काटा नसायचा, काहींना मिनिट काटाही नसायचा. वैद्य नाडी बघायचे ती बोटांच्या जाणिवेवर: जलद आहे, मंद आहे, जड आहे. आकडा नव्हता. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरांनी नेमकं एक मिनिट दाखवणारं घड्याळ मुद्दाम करून घेतलं आणि १७०७ मध्ये नाडी मोजण्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ‘नाडी मिनिटाला सत्तर’ असं बोलायची सवय हळूहळू लागली.

पुढे दोन-तीन तऱ्हांची घड्याळं ‘डॉक्टरची’ म्हणून ओळखली गेली. एका तऱ्हेत सेकंद काटा तबकडीच्या मधोमध, लांबलचक, दुरून दिसेल असा. दुसरी तऱ्हा म्हणजे लांबट चौकोनी घड्याळ, वरच्या अर्ध्यात तास-मिनिटं आणि खालच्या अर्ध्यात फक्त सेकंदांचं मोठं वर्तुळ. रोलेक्स कंपनीचं ‘प्रिन्स’ हे १९२८ मध्ये आलेलं घड्याळ त्यातलंच. आज ते अस्सल मिळालं तर लाखांच्या घरात जाईल, तेव्हा तो विषय इथेच सोडू. तिसरी तऱ्हा नर्सची. छातीवर पिनने लावायचं घड्याळ, तबकडी उलटी टांगलेली, म्हणजे नर्सने मान खाली घातली की तिला आकडे सुलटे दिसतात. मनगट मोकळं राहतं, हात कोपरापर्यंत धुता येतात.

एक चौथी तऱ्हा आहे, आणि विकणारे तिच्याच नावावर जास्त पैसे घेतात. तबकडीच्या कडेने उलट्या क्रमाने आकडे छापलेले असतात, २००, १५०, १२०, १००, ९०, ८०, असे उतरत जाणारे. त्याला पल्सोमीटर म्हणतात. त्यावर बारीक अक्षरांत १५ किंवा ३० ठोके असं लिहिलेलं असतं. समजा ३० लिहिलंय. काटा बारावर असताना मोजायला सुरुवात करायची. तीस ठोके झाले की काटा ज्या आकड्यासमोर असेल, तेवढी नाडी मिनिटाला. उदाहरणार्थ, तीस ठोके वीस सेकंदांत झाले, तर तिथे ९० छापलेलं असलं पाहिजे, कारण वीस सेकंदांत तीस म्हणजे साठ सेकंदांत नव्वद. हे गणित लक्षात ठेवा, खरं-खोटं ओळखायला कामी येतं. तीस ठोक्यांची पट्टी असेल तर वीस सेकंदांच्या खुणेजवळ, म्हणजे जिथे चारचा आकडा असतो तिथे, ९० हवं. पंधरा ठोक्यांची असेल तर दहा सेकंदांजवळ, म्हणजे दोनच्या आकड्यापाशी, ९० हवं. तसं नसेल तर ती पट्टी फक्त शोभेची आहे.

अस्सल घड्याळात हा काटा बटण दाबल्यावर चालू-बंद होतो. साध्या घड्याळात तो सतत फिरत असतो, म्हणून काटा बारावर येईपर्यंत थांबून मगच मोजायचं.

आता लेकरांच्या श्वासाकडे येते, कारण आपल्या गावात घड्याळाचं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

गडचिरोलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला लावलं. त्या कामाचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातलं मुख्य हत्यार म्हणजे एका मिनिटात लेकराचे श्वास किती, एवढंच. छाती तपासायचं यंत्र नाही, एक्स-रे नाही. पण तिथे एक अडचण आली. गावच्या सुईणी अनुभवी होत्या, हात हुशार होते, पण साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. मग बंग दांपत्याने एक साधं साधन तयार केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर लेकराला न्यूमोनिया आहे असं समजायचं. अगदी लहान बाळासाठी मण्यांची रांग वेगळी, मोठ्या लेकरासाठी वेगळी. अक्षरओळख नसलेल्या बाईने एवढ्यावर न्यूमोनिया ओळखला.

हे ऐकलं तेव्हा मला त्या लाल क्रॉसच्या घड्याळाची लाजच वाटली. सुईणींना मिनिट पुरलं. आम्ही बावीसशे रुपये देऊन सहासष्ट सेकंदांचं मिनिट घेतलं होतं.

पुढे त्याच संस्थेने नवजात बाळांची घरी काळजी घ्यायची पद्धत बसवली. १९९९ मध्ये तिचा अभ्यास छापून आला, त्यात एकोणचाळीस गावांत नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा, तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. देशभर २०११ पासून आशाताई ज्या भेटी देतात, त्यामागे हेच काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो आणि घड्याळ असतं. ते घड्याळ मिरवायला दिलेलं नाही.

आकडे लिहून घ्या. दोन महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद. दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. मोजायचं लेकरू शांत असताना. रडत असेल, दूध पीत असेल तर नाही. अंगावरचं पांघरूण बाजूला करून पोटाकडे बघायचं. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, थोडा थांबतो, मग भराभर चालतो. म्हणून पल्सोमीटरची पट्टी बाळाच्या श्वासाला उपयोगाची नाही, ती मोठ्या माणसाच्या नाडीसाठी आहे. लहान बाळाचे साठ किंवा जास्त आले तर लगेच दुसऱ्यांदा मोजायचं. तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जातोय, बाळ दूध ओढत नाही, तर आशाताईला बोलवा आणि १०८ ला फोन लावा. सासूबाईंचा घरगुती उपाय संपेपर्यंत थांबू नका. हे मी आमच्या घरातल्या अनुभवावरून बोलते, पण तो किस्सा आज नको.

आता हिशेब करू. बाळाचे खरे श्वास मिनिटाला ५६ आहेत, म्हणजे ठीक आहे. पण आमच्या घड्याळाचं मिनिट सहासष्ट सेकंदांचं. त्यात मोजले तर एकसष्टच्या वर जातील. आई घाबरेल, भर रात्री गाडी शोधेल. ही चूक तरी परवडली. उलट चूक बघा. घड्याळाचा काटा पुढे पळतो, फेरा चोपन्न सेकंदांत पुरा होतो, आणि बाळाचे खरे श्वास ६४ आहेत. मोजले तर भरतील सत्तावन-अठ्ठावन. आशाताई म्हणेल, सगळं ठीक आहे, आणि पुढच्या घरी जाईल.

इथे एक गंमत आहे, ती मला आत्याने समजावली. जुनं चावीचं घड्याळ दिवसाला पाच मिनिटं पुढे जात असेल तर आपण म्हणतो, हे बिघडलं. पण दिवसात चौदाशे चाळीस मिनिटं असतात. पाच मिनिटांची चूक त्यात वाटली तर एका मिनिटाच्या वाट्याला पाव सेकंदही येत नाही. असं घड्याळ बस चुकवेल, श्वास मोजायला मात्र चालेल. उलट दिवसभराची वेळ अगदी बरोबर दाखवणाऱ्या घड्याळाचा सेकंद काटा दांडीवर सैल बसला असेल, घसरत असेल, काचेला घासत असेल, तर मोजणीत ते फसवेल. आम्हाला मिळालं ते याच दुसऱ्या प्रकारचं. सकाळी लावलेली वेळ संध्याकाळपर्यंत जवळपास बरोबर होती. त्यामुळे मला वाटलं होतं, झकास आहे.

म्हणून पारख करताना वेळेपेक्षा सेकंद काटा आधी बघायचा. चावी पूर्ण द्या. चावी हळूहळू फिरवायची, अडली की थांबायचं, जोर करायचा नाही. मग फोनच्या स्टॉपवॉचबरोबर एक फेरा मोजा, घड्याळ आडवं ठेवून. मग उभं धरून. मग चावी खाली करून. तिन्ही वेळा साठ सेकंद यायला हवेत, आपल्या बोटाच्या घाईने एखादा सेकंद इकडे-तिकडे झाला तर चालेल. मग पाच फेरे सलग मोजा. काटा सैल असेल तर उभं धरल्यावर सहावरून बारापर्यंत चढताना रेंगाळतो आणि बारावरून उतरताना झपकन पडतो, डोळ्यांनी दिसतं. कानाला लावून ऐका. टिकटिक सलग यावी, लंगडत येऊ नये. जुन्या एचएमटीच्या चावीच्या घड्याळात सेकंदाला पाच टिका पडतात, म्हणून काटा सरकल्यासारखा जातो. सेलच्या घड्याळात काटा सेकंदाला एकदा उडी मारतो, आणि खरं सांगते, मोजणाऱ्या नवख्या पोरीला ती उडीच सोयीची पडते. सेलचं घड्याळ एकदम दोन-दोन, चार-चार सेकंदांची उडी मारायला लागलं तर घाबरू नका. बऱ्याच घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. सेल बदला.

काटा कुठे आहे तेही बघा. पुष्कळ जुन्या घड्याळांत सेकंद काटा सहाच्या आकड्याजवळ छोट्याशा वर्तुळात असतो. दिसायला नाजूक, पण चिमणीच्या उजेडात तो दिसत नाही, आणि आपल्याकडे लाईट कधी जाते ते काय सांगावं. मधोमध मोठा काटा, पांढऱ्या तबकडीवर काळा किंवा लाल, आणि साठच्या साठ खुणा छापलेल्या, एवढं पाहिजे. नक्षी, सोनेरी मुलामा, चकाकणारे खडे, हे सगळं नजरेला अडतं.

आत्या घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची. लहानपणी मला वाटायचं, काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून. ती म्हणाली, “अगं, दुसऱ्याचा हात धरला की आपलं मनगट आतूनच दिसतं. नाडी आणि काटा एका नजरेत येतात.” तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईकडून हे ऐकायला मला नर्सच्या घड्याळाचं निमित्त लागलं.

आता जुनं घड्याळ ‘खरं’ आहे का, याबद्दल. आपल्या घरांमध्ये जुनं घड्याळ म्हणजे बहुतेक एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी, तिने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ हे त्यातलं सगळ्यात माहितीचं. मास्तर, ग्रामसेवक, कंपाउंडर, सगळ्यांच्या हातात तेच. लग्नात नवरदेवाला घड्याळ, सायकल, रेडिओ मागायचे, तेव्हा घड्याळ म्हणजे हेच. म्हणजे कित्येक बापांनी कर्ज काढून घेतलेली ती घड्याळं आज पोरं ‘विंटेज’ म्हणून फोनवर विकतात, असो. टायटनची सेलची घड्याळं आली आणि एचएमटी मागे पडली. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून जुन्या एचएमटीला एकदम भाव आला. त्याआधीच्या पिढीत मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून स्विस घड्याळं यायची, फेवर लुबा, वेस्ट एंड अशी नावं आजोबांच्या तोंडून ऐकलेली असतील.

भाव आला की नक्कल आलीच. जुनं मशीन घ्यायचं, तबकडी खरवडून नवी रंगवायची, तिच्यावर हवं ते छापायचं, काटे बदलायचे, पॉलिश करायचं. असं घड्याळ चोरीचं नसतं, बंदही नसतं, पण ते ‘डॉक्टरचं’ म्हणून कुठल्याही कंपनीने कधी बनवलेलं नसतं. आमचं घड्याळ आम्ही वाशिमला एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडून भिंगातून पाहिलं आणि पाच मिनिटांत सांगितलं: आतलं मशीन एचएमटीचं, सतरा ज्वेलचं, चांगलं. तबकडी नव्याने छापलेली. केस दुसऱ्याच घड्याळाची. लाल काटा दांडीपेक्षा सैल आणि थोडा वाकलेला, म्हणून काचेला घासतो. त्यांनी भिंग आमच्याही हातात दिलं. मिनिटांच्या खुणा एकसारख्या अंतरावर नव्हत्या, अक्षरांची शाई कडेला फुटलेली होती. काटा बरोबर बारावर असताना मिनिट काटा दोन खुणांच्या मध्येच लटकत होता.

लाल क्रॉसचं तर ऐकाच. ते चिन्ह डॉक्टरांचं आहे असं आपण धरून चालतो. पण आपल्या देशात १९६० चा जिनिव्हा करारांचा कायदा आहे, त्याप्रमाणे लाल क्रॉसचं चिन्ह सरकारच्या परवानगीशिवाय कोणी वापरू शकत नाही. म्हणजे तबकडीवर लाल क्रॉस दिसला तर विश्वास वाढायला नको, शंका यायला हवी. आम्ही नेमकं उलट केलं.

अजून एक गोष्ट, ती मात्र गमतीची नाही. फार जुन्या परदेशी घड्याळांचे आकडे आणि काटे अंधारात चमकायचे. त्या रंगात रेडियम असायचं, खरं रेडियम, आपण सायकलच्या चमकत्या पट्टीला म्हणतो ते नाही. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी कारखान्यात तरुण मुली हा रंग तबकड्यांवर भरायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. रंग पोटात गेला, जबड्याची हाडं झडली, कित्येकींचा जीव गेला. त्यांनी कोर्टात भांडण केलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. असं घड्याळ आता अंधारात चमकत नसलं तरी रेडियम तसंच असतं. तेव्हा आकड्यांवर तपकिरी, फुगीर, तडकलेला रंग असलेलं जुनं परदेशी घड्याळ कोणी स्वस्तात देत असेल तर लेकरांच्या कामासाठी घेऊ नका, घरी उघडू नका आणि तो रंग नखाने खरवडू तर अजिबात नका.

काचेच्या आत धुकं किंवा पाण्याचा डाग दिसला तरी सोडून द्या, आत गंज असतो. पट्ट्याचं म्हणाल तर कातडी पट्टा दवाखान्यात नको. घाम, रक्त, औषध, सगळं पितो आणि धुता येत नाही. नायलॉनचा किंवा स्टीलचा घ्या. आणि देण्याआधी कॉलेजच्या बाईंना विचारा. काही ठिकाणी ड्युटीवर मनगटात काहीच घालू देत नाहीत, पिनचंच घड्याळ चालतं. आम्ही विचारलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा कळलं, मनगटाचं चालतं, पण बाळाला हात लावताना काढून ठेवावं लागतं.

कोणी म्हणेल, ताई, फोन असताना एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावला, तो वाजेपर्यंत पोटाकडेच बघत मोजलं, तर ती उत्तम पद्धत आहे. घरी आईने तसंच करावं. बाजारात काही शे रुपयांत मिळणारं, ठळक सेकंद काट्याचं सेलचं नवं घड्याळही हे काम चोख करतं. जुनं घड्याळ घेतलंच पाहिजे असं मी अजिबात म्हणत नाही. पण वॉर्डात हातमोजे घातलेले असताना फोन काढता येत नाही, आणि आजोबांचं घड्याळ नातीच्या हातात असावं असं कुणाला वाटलं तर त्यात वाईट काय? फक्त ते मोजून घ्या.

आमच्या घड्याळाचं पुढे काय झालं ते सांगते. विकणाऱ्याने फोन उचलला नाही, पैसे गेले ते गेले. मी गटात उभी राहून सांगितलं की चूक माझी आहे आणि माझ्या पैशाने दुरुस्ती करते. काकांनी काटा काढून सरळ केला, घट्ट बसवला, मशीनचं ऑइलिंग केलं, नायलॉनचा पट्टा लावून दिला. लाल क्रॉस पुसायला सांगितला, तर म्हणाले तबकडी खराब होईल, तेव्हा तो तसाच राहिला. आत्याने पुन्हा आडवं, उभं, चावी खाली, सगळं मोजलं. साठ, साठ, साठ. मगच पोरीच्या हातात दिलं, आणि ‘हे डॉक्टरचं नाही, जोडजाड केलेलं एचएमटी आहे’ हेही सांगितलं. ती हसली आणि लगेच आपल्या आजीचं मनगट धरून बसली. बाहत्तर आले. आजी म्हणाली, “मंग, हे बरं का वाईट?” पोरीने सांगितलं, बसलेल्या मोठ्या माणसाची साठ ते शंभर चालते.

याच गोष्टीवरून आमच्या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत एक तास घड्याळांसाठी ठेवला आहे. आशाताई त्यांच्या पिशवीतलं घड्याळ घेऊन येणार आहेत, मागच्या महिन्यात त्यातला सेल संपला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ज्यांच्या घरी पेटीत, कपाटात जुनं घड्याळ पडलेलं आहे, त्यांनी ते घेऊन या. आत्या येणार आहे. काटा मोजू, आणि एखाद्या शांत झोपलेल्या लेकराचे श्वासही सगळ्या जणी मोजून बघू, प्रत्येकीचा आकडा किती येतो ते. तुमच्या गावात असंच करायचं असेल तर फोनमधलं स्टॉपवॉच चालवता येणारी एखादी मुलगी सोबत घ्या. आणि येताना चावीच्या घड्याळाला सकाळीच चावी देऊन आणा, बंद घड्याळ तपासता येत नाही.